बाहुबलीची वाट आणि जुनी सायकल

सांगलीहून बाहुबलीला जाण्यास एकाहून अधिक रस्ते आहेत. बहुतेक मंडळी मोटारीने कोल्हापूरचा हमरस्ता धरतात आणि हातकणंगल्याहून आत वळतात. मी जो रस्ता घेतो तो अंकलीचा पूल, उदगाव, जयसिंगपूर, दानोळी आणि कुंभोज असा आहे. एका बाजूचे अंतर बत्तीस किलोमीटरच्या आसपास भरते. सायकलीने मला सुमारे अडीच तास लागतात. वर्षातून एकदाच, पौष महिन्यात, वडिलांच्या पुण्यतिथीला मी हा प्रवास करतो.

सायकलीनेच का, असे अनेकजण विचारतात. १९६३ साली बाहुबलीच्या आश्रमात भगवान बाहुबलींची अठ्ठावीस फूट उंचीची मूर्ती प्रतिष्ठित झाली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्या वर्षी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सायकलीच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवले आणि दर्शनाला नेले. गणपती पेठेत त्यांचे भुसारी मालाचे लहानसे दुकान होते. दुकान एक दिवस बंद ठेवणे ही त्यांच्या लेखी मोठीच गोष्ट होती. त्या प्रवासातील मूर्तीपेक्षा मला टॉवेलाचा खरखरीतपणा आणि कानाजवळचा अण्णांचा श्वास अधिक आठवतो. पुढे नोकरीत चौतीस वर्षे गेली, बदल्या झाल्या. २०१७ मध्ये निवृत्त झालो आणि निवृत्तीच्या रकमेतून पहिली वस्तू घेतली ती एक हायब्रिड सायकल. हायब्रिड म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखी मोठी चाके, पण सरळ हँडल आणि थोडे रुंद टायर. डांबरी रस्त्याला सोयीची, आणि रस्ता बिघडला तरी अगदीच अडून न बसणारी.

दोन वर्षांनी पूर आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, ते सांगलीकरांना सांगावयास नको. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. सायकल तळमजल्याच्या बोळात राहिली आणि कित्येक दिवस गढूळ पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर मी तिला धुतले, पुसले, चेनला तेल दिले. ती चालू लागली म्हणून माझे समाधान झाले. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले तेव्हा शहाणपणाने ती माडीवर नेली. परंतु खरा घात आधीच झाला होता. चाकाच्या मध्यभागी जे छर्रे असतात ते ग्रीसमध्ये बसवलेले असतात. साध्या सायकलीत त्यांना पाणी अडवणारे मजबूत झाकण नसते. पुराचे पाणी आत शिरले, ग्रीस धुऊन गेले आणि बारीक गाळ राहिला. बाहेरून चकचकीत दिसणारे खाते आतून बुडीत निघावे, तसा हा प्रकार होता. चौतीस वर्षे कर्जदारांची दप्तरे तपासणाऱ्या माणसाला तो उमगला नाही याची आजही लाज वाटते.

गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर, दानोळी अजून तीन किलोमीटर असताना, मागचे चाक डुगडुगू लागले आणि थोड्याच वेळात जाम झाले. सायकल ढकलत दानोळी गाठली. तेथील कारागिराने चाक उघडले. एक्सल तुटला होता, छर्ऱ्यांचे तुकडे झाले होते आणि ज्या वाटीत ते फिरतात तिला खड्डे पडले होते. त्या मापाचे सामान त्याच्यापाशी नव्हते. बिचाऱ्याने एका टेम्पोवाल्याला थांबवून मला व सायकलीला वर चढवून दिले, पैसेही घेतले नाहीत. टेम्पो उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत चालला आणि अंकलीच्या पुलावर येईतो सूर्य मावळला.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. माझा उपवास घडला त्याचे काही वाटले नाही, दुपारी बाहुबलीच्या भोजनशाळेत जेवण झाले होते. परंतु सौभाग्यवती त्या दिवशी माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी येईन म्हणून त्यांनी पाने घेतली नाहीत, आणि मी आलो तेव्हा वेळ टळली होती. दुसऱ्या दिवशी दोन घटका दिवस वर येईपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. त्या यावर एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यामुळे विषय माझ्या मनातून जाईना.

पुण्याहून मुलाचा फोन आला. “बाबा, ती सायकल आता काढून टाका. चौदा-पंधरा हजारांत चांगली माउंटन बाइक मिळते. पुढे शॉक, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, जाड टायर. दानोळीच्या रस्त्याला तीच हवी.” त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. गळीत हंगामात त्या रस्त्याची जी अवस्था होते ती मुद्दाम पाहण्यासारखी असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या यांनी डांबराच्या कडा चुरून टाकलेल्या, वाटेत पाचट आणि उसाची कांडी पडलेली, काळ्या मातीत चाकोऱ्या पडून वाळलेल्या. समोरून ट्रॉली आली की सायकलस्वाराने खाली उतरावे हा अलिखित नियम.

पण नवी सायकल घेण्यात एक अडचण होती आणि ती पैशाची नव्हती. २०१८ च्या चातुर्मासात आम्ही उभयतांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले. घरातील प्रत्येक गोष्टीची मर्यादा एका वहीत लिहिली आहे. वाहनांच्या ओळीत मोटार एक, स्कूटर एक, सायकली दोन असे आहे, आणि दुसरी सायकल नातीची आहे. नवी घ्यावयाची तर जुनी घराबाहेर गेली पाहिजे. मुलगा म्हणाला, कोणाला तरी देऊन टाका. मीही तसेच म्हणणार होतो. तेवढ्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, चालत नाही म्हणून द्यायची, तर ते दान कसलं? भंगारात घाला, नाहीतर दुरुस्त करून द्या.”

दुरुस्तच करावयाची, तर मग द्यावयाची कशाला? या प्रश्नाने मला कागद-पेन्सिल हाती घेणे भाग पडले.

प्रथम माझ्या पुतण्याची माउंटन बाइक चार दिवस मागून घेतली. मुलगा जी म्हणत होता त्याच किमतीची, साडेचौदा हजारांची. पेठेत एका स्नेह्यांच्या धान्याच्या काट्यावर दोन्ही सायकली चढवल्या. दुकानातील हमाल हसले, पण वजन चोख कळले. जुनी १४.२ किलो, नवी १७.६ किलो. साडेतीन किलोचा फरक हा पोलादी सांगाड्याचा आणि पुढच्या शॉकचा. या किमतीच्या शॉकमध्ये एक स्प्रिंग असते आणि फारसे काही नसते. उसळी आवरणारी यंत्रणा नसते, आणि चढावर शॉक बंद करून ठेवण्याची सोयही नसते. त्यामुळे चढावर जोर लावला की त्यातला काही जोर सायकल पुढे ढकलण्याऐवजी हँडल वरखाली करण्यातच खर्च होतो.

त्या सायकलीने दानोळीपर्यंत जाऊन आलो. खराब पट्ट्यात ती खरोखर सुखाची होती. खड्डा मनगटापर्यंत पोहोचत नव्हता, जाड खाचांचे टायर पाचटावर घसरत नव्हते. परंतु वाटेतला खराब भाग फार तर सात-आठ किलोमीटरचा. उरलेल्या डांबरी रस्त्यावर तेच टायर घरघर आवाज करीत वेग खात होते. एरवी मला लागतो त्याहून अर्धा तास अधिक लागला. ही चाल बाहुबलीपर्यंत धरली असती तर पाऊण तास वाढला असता, आणि पौषात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. मला ज्या घड्याळाशी सामना होता ते हे.

तिच्या बाजूचीही गोष्ट सांगितली पाहिजे. सव्वीस इंची चाकाचा टायर आणि ट्यूब कोणत्याही खेड्यातील दुकानात मिळते. माझ्या सायकलीचे माप तेथे ठाऊकही नसते. जुन्या दूधवाल्या सायकलीचा अठ्ठावीस इंची टायर तिला बसत नाही, दिसायला जवळचा असला तरी रिमचे माप वेगळे. अडचणीच्या वेळी त्या सायकलीची ट्यूब मात्र घालून घरापर्यंत येता येते, हे मी नंतर शिकलो. शिवाय माउंटन बाइकची दांडी खाली झुकलेली असते, त्यामुळे पाय टाकून उतरणे साठीनंतर सोपे जाते. हा मुद्दा मी हिशेबात लिहिला खरा, पण मुलाला सांगितला नाही.

मग जुन्या सायकलीचा अंदाज घेतला. आमच्या भागातील मिस्त्री वयाने माझ्याएवढेच आहेत आणि सायकल उलटी करून चाक फिरवले की कान लावून ऐकतात. त्यांनी काढलेला खर्च असा होता: मागचा नवा हब आणि आरे विणून चौदाशे, फ्रीव्हील सातशे, चेन पाचशे, दोन टायर बावीसशे, ट्यूब पाचशे, केबल व ब्रेकचे रबर सातशे, पायडलच्या मधले बेअरिंग सहाशे, मजुरी नऊशे. एकूण साडेसात हजार. नव्या सायकलीच्या निम्म्याहून थोडे अधिकच. दुरुस्ती निम्म्यावर गेली की यंत्र बदलावे असा एक ढोबळ नियम आम्ही कर्जप्रकरणे तपासताना वापरीत असू, आणि त्या नियमाने माझी सायकल मोडीत निघत होती.

दोन रात्री हा आकडा माझ्या डोक्यात राहिला. मग चूक ध्यानात आली. मी साडेसात हजारांची तुलना साडेचौदा हजारांशी करीत होतो, पण त्या दोन वस्तू एक नव्हत्या. जुन्या हायब्रिडच्या तोडीची नवी हायब्रिड आज घ्यावयाची तर वीस हजारांच्या वर जाते. स्वस्त माउंटन बाइक ही तिची नवी आवृत्ती नव्हे, तो वेगळा आणि हलक्या प्रतीचा माल. सांगाडा, हँडल, पुढचे चाक, गिअर बदलण्याचे यंत्र यांना पुराने काही केले नव्हते. भांडवल शाबूत होते, बिघडला होता तो झिजणारा भाग, आणि झिजणारे भाग नव्या सायकलीतही दोन-तीन वर्षांत बदलावेच लागतात. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील फरक शिकवतात. तो मला सत्तरीच्या उंबरठ्यावर एका सायकलीने पुन्हा शिकवला.

राहिला प्रश्न चढाचा. कुंभोज सोडल्यावर डोंगराच्या पायथ्याकडे जाताना माझे गुडघे बोलू लागतात, आणि माउंटन बाइकचे हलके गिअर हेच तिचे मोठे आकर्षण होते. मिस्त्रींनी सुचवले की मागच्या फ्रीव्हीलची सर्वांत मोठी चकती अठ्ठावीस दात्यांची आहे, ती चौतीस दात्यांची घालू. पुढची लहान चकती अठ्ठावीस दात्यांचीच राहील. मी घरी येऊन गणित मांडले. पूर्वी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१७ मीटर पुढे जात असे, आता १.८ मीटर जाईल. म्हणजे जोर सुमारे अठरा टक्क्यांनी कमी. पुतण्याच्या सायकलीचे दाते मोजून तेच गणित केले, तर उत्तर जवळजवळ तेवढेच आले. ज्यासाठी साडेचौदा हजार मोजावयाचे होते त्यातील मुख्य लाभ सातशे रुपयांच्या फ्रीव्हीलमध्ये होता.

टायरच्या बाबतीत मी हावरेपणा केला. चाळीस मिलिमीटरचे मागितले. मिस्त्रींनी चाक बसवून दाखवले, मडगार्ड घासत होता. अडतीसवर तडजोड झाली. पूर्वीचे पस्तीसचे टायर मी दगडासारखे फुगवून चालवीत असे. हवा पंचाहत्तर पौंडांवरून पन्नासवर आणा, हाच तुमचा शॉक, असे ते म्हणाले. लांबच्या पल्ल्याला चामड्याची सीट उत्तम, असेही म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून, “राहू द्या साहेब, विसरलो,” म्हणत स्वतःच हसले. ग्रीसचीही मी चौकशी केली. आजकालच्या लिथियम ग्रीसला घट्टपणा येतो तो बहुधा एरंडेलापासून केलेल्या द्रव्याने, हे वाचून मनाला बरे वाटले. एकेकाळी वंगणात चरबी सर्रास असे.

या पौषात निघालो तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. दिवस दोन घटका वर आल्यावर न्याहरी करून, गाळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. अंकलीच्या पुलावर धुके होते आणि खाली कृष्णा इतकी शांत, की हीच ती सत्तावन्न फुटांची नदी यावर विश्वास बसू नये. जयसिंगपुरात शिरले की रस्ते एकाएकी सरळ आणि रुंद होतात. हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी आखून वसवले आणि त्याला आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. तेथून उजवीकडे वळलो की पेठ संपते आणि ऊस सुरू होतो.

दानोळीत गेल्या वर्षीच्या त्या कारागिराकडे थांबलो. त्याने सायकल ओळखली, मला नव्हे. मागचे चाक उचलून फिरवले, ते कितीतरी वेळ फिरत राहिले, तेव्हा मान डोलावली. चहा सांगू लागला, मी पाणीच घेतले, तेही माझ्या बाटलीतले. दानोळीच्या पुढे रस्त्याच्या कडा नेहमीप्रमाणे फुटल्या होत्या. माउंटन बाइकइतके सुख नव्हते हे कबूल केले पाहिजे. दोन ठिकाणी उतरून चालावे लागले.

कुंभोजला मी दरवर्षी पाच मिनिटे थांबतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म याच गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी झाला. रयत शिक्षण संस्था १९१९ साली उभी करण्यापूर्वी आणि नंतरही त्यांनी विक्रेता म्हणून बरीच पायपीट केली, ओगल्यांचा काचमाल आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. आपल्या व्यापारी घरांतून त्यांचे शिक्षणकार्य सांगितले जाते, विक्रीतील उमेदवारी मात्र क्वचितच. आणि ज्या किर्लोस्करांचा नांगर त्यांनी विकला, त्या लक्ष्मणरावांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील एका सायकलीच्या दुकानाने झाला होता. सायकल ओढत कुंभोजच्या वेशीत उभे राहिले की ही साखळी मला उगाचच आपली वाटते.

त्यानंतरचा चढ. पूर्वी ज्या वळणावर मी उतरून सायकल ढकलीत असे, तेथे चौतीस दात्यांच्या चकतीवर चेन टाकली. चालण्यापेक्षा थोडाच अधिक वेग, पण बसल्या बसल्या गेलो. साडेदहाच्या आत आश्रमाच्या फाटकाशी होतो.

आचार्य समंतभद्र महाराजांनी १९३४ साली येथे गुरुकुल स्थापन केले. आजही सकाळी मुलांचा पाठांतराचा आवाज मूर्तीपर्यंत येतो. डोंगरावर दिगंबर आणि श्वेतांबर अशी दोन्ही मंदिरे आहेत आणि दोन्हीकडचे यात्रेकरू एकाच वाटेने पायऱ्या चढतात. पायऱ्यांशी सायकलीचा संबंध संपतो, मग ती कोणत्याही जातीची असो. मूर्तीसमोर बसलो. सारे जिंकून सारे टाकून उभा राहिलेला तो महापुरुष, अंगावर वेली चढलेल्या, आणि त्याच्यापुढे फ्रीव्हीलच्या दात्यांचा हिशेब मनात घेऊन आलेला मी. अण्णा असते तर म्हणाले असते, दर्शनाला आलास ना, मग हिशेब बाहेर ठेव. त्यांच्या नावाने गुरुकुलात दरवर्षीची रक्कम भरली, पावती घेतली, भोजनशाळेत जेवलो. माउंटन बाइक न घेतल्याने उरलेले सात हजारही त्याच पावतीत होते. मुलाने ते पाठवले होते. सायकलीसाठी काढून ठेवलेच आहेत तर तेथे द्या, असे त्याचे म्हणणे होते.

सव्वादोनला परत फिरलो. कुंभोज ते दानोळी हा पट्टा येताना गेल्या वर्षीची जागा जवळ आली, तेव्हा मी नकळत मागच्या चाकाचा आवाज ऐकू लागलो. चेनची किरकिर होती, पायडलचा एक बारीक टकटकाट होता, तो अजूनही आहे आणि मिस्त्रींना सापडत नाही. चाक मात्र गप्प होते. जयसिंगपूरच्या अलीकडे ट्रॉल्यांची रांग लागली, तेथे वीस मिनिटे मोडली. अंकलीच्या पुलावर पाच वाजून दहा मिनिटे झाली होती आणि सूर्य नदीवर बराच वर होता.

घरी पाने मांडलेली होती. सौभाग्यवतींनी घड्याळाकडे पाहिले नाही, सायकलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “हात-पाय धुऊन या.” जेवण झाले, पाणी पिऊन झाले, भांडी पालथी घातली. त्यानंतर काही वेळाने बोळाच्या टोकाशी उजेड गेला, तेव्हा मी सायकल उचलून माडीवर नेत होतो.